गाईपुढची खीर

माझी खीर गाय खात होती.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्याच दारासमोर. बेदाणे, चारोळ्या, सगळं फरशीवर ओतलेलं. तासाभरापूर्वीच ती खीर मी डब्यातून वरच्या मजल्यावर, घरमालकीण काकूंच्या हातात देऊन आले होते. बुद्धपौर्णिमा होती.

संध्याकाळी काकू डबा परत द्यायला आल्या. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आत साखर घातलेली. हसून म्हणाल्या, "अगं, खीर एकदम बढिया झाली होती. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली."

मी "हो का?" म्हणाले. डबा घेतला. दार लावलं आणि रडले. संतापाने रडले. तोंडातून एक शब्द फुटला नाही याचा संताप.

मी अकोल्याची. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, बदली बनारसला. एकट्या बाईला खोली कुणी देईना. काकूंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत, पण घरात मराठी. त्या मराठीला मी भुलले. त्यांनी आडनाव विचारलं होतं. ते गावावरून पडलेलं, त्यावरून त्यांना काही उमगलं नाही. खिरीवरून उमगलं. आमच्या वस्तीत या दिवशी घरोघर खीर जाते. आई पाठवायची, म्हणून मीही पाठवली.

त्यानंतर काकूंची प्रत्येक गोष्ट मला खटकायला लागली. मी नळावरून हलले की या तोटी का धुतात? जिन्यात मी दिसले की पदर का आवरतात? सवय असेल. नसेलही. समोरच्याचं हसूसुद्धा उलटंपालटं करून तपासायचं, रोज. जीव विटतो. पण दुसरी खोली कोण देणार होतं? वर्षभर गप्प राहिले.

यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, "उद्या सारनाथला जाशील ना? आम्हालाही ने. पुण्याहून भाची आलीय, तिला उत्सव बघायचाय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. वर्षभरात माझ्या खोलीत पाऊल न टाकलेली बाई माझ्या सणाला येते म्हणते. कशासाठी?

सारनाथला ही गर्दी. पांढऱ्या साड्यांतल्या आपल्याकडच्या बायका, देशोदेशीचे भिक्खू. विहारात वंदना सुरू झाली, मी हात जोडले. शेजारी काकू भाचीला समजावत होत्या, "बुद्ध म्हणजे आपल्या विष्णूचाच अवतार." तेव्हाही मी गप्पच.

बाहेर झाडाखाली खीर वाटत होते. नागपूरच्या एका मावशीने द्रोण पुढे केला. भाचीने घेतला. काकू मागे सरकल्या. "मला नको, पौर्णिमेचा उपास आहे."

सकाळी निघताना कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी कचोरी-जिलेबी खाल्ली होती. माझ्यासमोर.

भाचीने फोन काढला. तिला व्हिडिओ करायचा होता. काकूंनी पदर सारखा केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा शिवल्या मला. फोनकडे बघून बोलू लागल्या, "आमच्या घरात भेदभाव नाही. ही आमची भाडेकरू, अगदी घरचीच. गेल्या वर्षी हिच्या हातची खीर आम्ही सगळ्यांनी खाल्ली."

फोन माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हीही बोला ना काहीतरी."

आता कळलं, या माझ्याबरोबर कशासाठी आल्या होत्या. मी 'हो' म्हणायचं होतं. तेवढंच काम. म्हटलं असतं तर खोली राहिली असती. पण डोळ्यांसमोर ती गाय आली.

"खीर गाईने खाल्ली," मी म्हणाले. "मी पाहिलं."

खांद्यावरचा हात निघाला. "अगं, गाईला तर आम्ही देवाचा नैवेद्य घालतो. त्यात अपमान कसला?"

"मग गाईला घातली असं सांगायचं होतं. खाल्ली असं सांगून डब्यात साखर कशाला दिलीत?"

भाचीने फोन खाली केला. मावशी द्रोण हातात धरून तशीच उभी होती. मी तो घेतला आणि तिथेच, त्यांच्यासमोर, उभ्याने खीर खाल्ली.

रिक्षाने परतलो. दाराशी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "महीने के आखिर तक कमरा खाली कर देना।"

हिंदीत. माझ्याशी कायम मराठी बोलणारी बाई. खोलीबरोबर मराठीही काढून घेतली.

सध्या खोली शोधतेय. आता भाडं विचारायच्या आधी दारातच सांगते, मी बौद्ध आहे, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लागणार. काही दारं लगेच बंद झाली. होऊ देत. निदान आत काय चाललंय याचा संशय घेत बसावं लागत नाही.

यापुढे माझी खीर कुणाच्या घरी जाणार नाही. करीन मात्र, मोठं पातेलं भरून. ज्याला खायची त्याने माझ्या खोलीत यावं, माझ्या चटईवर बसावं, माझ्यादेखत खावी. नसेल खायची तर माझ्या तोंडावर सांगावं.