मिरीचा वास येईपर्यंत

लेबल न दाखवता दिलेली वाइन कोणत्या द्राक्षाची, हे सांगायच्या परीक्षेत ताई दोनदा आपटल्या होत्या. दोन्ही वेळा पांढऱ्या वाइनने दगा दिला. ही तिसरी आणि शेवटची संधी. जमलं तर हॉटेलातला वाइनचा सगळा कारभार त्यांच्या हाती. नाही तर प्लेटा उचलणं होतंच.

सराव सकाळी, स्वयंपाकघरात. नवरा बसचालक, स्वतः थेंबाला शिवत नसे, पण बाटल्यांना मोजे चढवून ग्लास तोच भरायचा. ताई हुंगायच्या, घोट तोंडात घोळवायच्या आणि बादलीत थुंकायच्या.

"थुंकायचीच होती तर आणलीस कशाला?" सासूबाई विचारत.

"गिळली असती तर गप्प बसला असतात का?"

एकदा नवऱ्याने दोन ग्लास ठेवले. पहिला हुंगता हुंगताच ताई म्हणाल्या, "सोव्हिन्यों ब्लां." हे वाइन पिणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचं द्राक्ष. दुसऱ्यात मात्र लिंबाच्या सालीमागून पांढऱ्या मिरीचा वास आला. "हा ग्रूनर व्हेल्टलिनर." हे नाव फार थोड्यांना ठाऊक.

"दोन्ही ग्रूनरच्या एकाच बाटलीतले," नवरा म्हणाला. "पहिला आत्ता फ्रिजमधून काढला, दुसरा मघापासून ओट्यावर होता."

"मुद्दाम केलंत ना?"

"छे गं, भरून ठेवला आणि विसरलो."

ताई खुर्चीत बसल्या. नाकाचा दोष नव्हता, घाईचा होता. गारठलेली वाइन वास दाबून ठेवते आणि त्या तेवढ्यावरच निकाल देऊन मोकळ्या होत. त्या दिवसापासून ग्लास तळव्यांत धरायचा आणि पहिलं सुचलेलं नाव तोंडाबाहेर काढायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

परीक्षेत पांढऱ्या वाइनचा ग्लास आला तो बर्फासारखा. जुनंच नाव जिभेवर आलं. ताईंनी दात आवळले, ग्लास तळव्यांत धरला.

"वेळ चाललाय," परीक्षक बाई म्हणाल्या.

"चालू द्या."

लिंबू आलं, हिरवं सफरचंद आलं. मिरीचा पत्ता नाही. बाईंनी पेन टेबलावर आपटलं. ताई हलल्या नाहीत. मग नाकात बारीक झणका आला. घोट थुंकल्यावर जिभेच्या मुळाशी चुणचुणही राहिली.

"ग्रूनर व्हेल्टलिनर."

"बदलायचं असेल तर आत्ताच सांगा."

"नाही बदलायचं."

निकाल लागला आणि वाइनच्या फ्रिजची किल्ली ताईंकडे आली. त्यांनी आधी फ्रिजचा गारठा कमी केला.

"गिऱ्हाईकं बोंबलतील," आचारी म्हणाला.

"बोंबलू देत. काय पितायत ते तरी कळेल त्यांना."