माहेरून गेलेल्या गोळ्या

वैद्यकीय अभ्यासांची पंगत लावणं हे माझं काम; ज्याचा पुरावा भक्कम, तो वर. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला अभ्यास मानाच्या पाटावर. नुसतं निरीक्षण केलेला त्याच्या खाली. ‘माझ्या पेशंटला गुण आला’ म्हणणारा एकटा डॉक्टर पार दाराशी, चपलांजवळ.

डोळखांबकडचा आमचा अभ्यास मानाच्या पाटावरचा होता. रक्तवाढीची नवी गोळी. चिठ्ठीत ती वरच्या पाड्याला आली, खालच्याला नेहमीचीच. फरक दिसला असता तर नवी गोळी तालुकाभर मिळणार होती. शहापूरहून स्कूटीवर हाडं खिळखिळी करत मी जायचे, ती त्याच आशेवर.

शेवटी रक्त तपासलं, तर दोन्ही पाडे सारखेच! वरच्या पाड्यातल्या एका मावशींकडे माझा नेहमी चहा व्हायचा. त्यांनाच विचारलं. त्या हसल्या.

“अगो बाय, माझी पोर खाली दिलेली. चार पावलं चालली का धाप लागते तिला. मी नवी गोळी खाऊ नि ती बघत बसंल? निम्म्या तिला धाडल्या.”

सगळ्यांनीच धाडल्या होत्या. वरच्या पाड्याच्या बहुतेक लेकी खालीच दिलेल्या. सुकट जाते, नाचणी जाते, तशा गोळ्याही गेल्या. मला असा संताप आला! बायकांचा नव्हे, आम्हा दीडशहाण्यांचा. नकाशे पाहिले, वजनं घेतली, सोयरीक मात्र कुणी विचारली नाही.

प्रतवारी माझ्याकडेच आली. गट मिसळले की अभ्यास खाली उतरतो. नियम बरोबर आहे, हेच तर मेलं दुखतं. ‘पुरावा अत्यंत कमकुवत’ असं माझ्याच हातानं लिहिलं. नव्या गोळ्या बंद झाल्या.

सांगायला गेले तेव्हा मावशींची लेक आली होती. हंडा खाली ठेवून उंबऱ्यावर धापा टाकत होती.

“म्हंजे आमी नापास?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही नाही हो, अभ्यास.”

“पन आमच्यामुलंच ना?”

मला खोटं बोलवेना. असा अभ्यास दुसऱ्यांदा कुणी करू देत नाही, हेही सांगवेना. मावशींनी लेकीकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

“परत कर गो एकदा. या टायमाला नाय देनार तिला. तिचीच शपथ.”