नंदाचा जंतू

बनारसच्या रामघाटावरच्या वेदपाठी घरातली बकुळ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जंतू पाळते, हे गल्लीत सांगायची सोय नव्हती. विटाळ मानणाऱ्या घरातली पोर, आणि पाळते काय, तर जंतू! "पक्की नौकरी आहे," एवढंच तिची आई सगळ्यांना सांगे.

जंतूंच्या काचनळ्यांतल्या एका नळीवर बकुळचा फार जीव. धाकटी बहीण नंदा ऑपरेशननंतर तापानं गेली, तेव्हा तिच्या रक्तात सापडलेला जंतू त्या नळीत होता. औषध चांगलं होतं, वेळेवर दिलं होतं, तरी लागू पडलं नाही. का, ते पुढे बकुळनंच शोधलं. या जातीच्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात प्रथिनांची पोकळ दारं असतात. त्यांतून अन्न आत जातं, तसंच औषधही. नंदाच्या जंतूनं ती दारं बनवणंच थांबवलं होतं. अर्धपोटी राहिला, पण औषधाला आत घेतलं नाही. मेला हट्टी!

बनारसची बिजली कधी जाईल याचा नेम नाही, फ्रीजरवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून ती त्याला दर महिन्याला स्वतःच्या हातानं ताज्या खाद्यावर हलवी. हे झालं सांगण्यापुरतं कारण. खरं म्हणजे नंदाच्या अंगातलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. राख तर केव्हाच गंगेत गेली.

"वैऱ्याला कशाला खिलवतेस गं? फेकून दे ना," आई म्हणे.

"शेवटपर्यंत तिच्यापाशी तोच होता, आई."

पुढे बकुळ निवृत्त होताना नळी दुसऱ्यांच्या ताब्यात द्यायची होती. देण्याआधी तपासणी करायची म्हणून बकुळनं जंतू काचेच्या ताटलीत पसरला आणि मधोमध त्याच औषधाची टिकली ठेवली. सकाळी जंतूंची साय टिकलीला भिडलेली दिसणार, हे तिला ठाऊक होतं.

पण टिकलीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. औषधानं जंतू मारले होते.

तिनं पुन्हा लावून पाहिलं. तेच. मग उमगलं. इतकी वर्षं तिनं त्याला भरपेट खाऊ घातलं, औषध मात्र कधी दाखवलं नाही. ज्यांनी दारं पुन्हा बनवली ते खाऊन माजले, बिनदारांचे मागे पडून संपले. नंदाच्या अंगातला तो हट्टी केव्हाच गेला होता.

"आता घेतलंस होय रे औषध?" ती ताटलीला म्हणाली. तिला नंदा इतकी हवीशी झाली, की स्टुलावर बसून ती हमसून हमसून रडली.