माझं मी सांगतो

बोलायचं म्हटलं की तो आधी डोळे मिटायचा आणि मांडीवर हळूच थाप मारायचा. मग शब्द आला तर आला. नाही आला, तर त्याच्या तोंडात शब्द कोंबायला आम्ही होतोच.

"पा… पा…"

"पाणी? पान? पागोटं?"

"गप रव! म-माझं मी सांगतो." आणि सांगायचा, "पाय काढ. माझ्या धोतरावर आहे."

परळच्या एका गिरणीत आम्ही सहा वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणायचो. साचेखात्यात खडखडाट एवढा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तिथे सगळेच हातांनी बोलायचे, आणि त्यात याच्याइतका वाकबगार कोणी नव्हता. मुकादमाची चाल, पोट, मिशी, सगळं दोन बोटांत उभं करायचा. अख्खी ओळ हसायची. भोंगा झाला, साचे थांबले, की तोच माणूस मान खाली घालून घरी निघायचा.

उपाय सगळे झाले होते. आईने वेखंड उगाळून चाटवलं, पंतोजींनी छडी चालवली, लालबागच्या एका वैदूने जिभेखाली खडे धरायला लावले. त्यातला एक गिळला गेला. एवढं करून एकादशीला तो अख्खा अभंग न अडखळता म्हणायचा. मग लोक म्हणत, "ढोंग करतो. गाताना बरी जीभ वळते?"

त्या लोकांचा मला संताप यायचा. पण आज कबूल करतो, त्याहून जास्त संताप त्याचाच यायचा. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. तो एका अक्षरावर अडला की धीर आपलाच सुटतो. मी त्याचं वाक्य तोडून पुरं करायचो आणि त्याला मदत म्हणायचो.

त्याला सगळ्यात जड जायचं स्वतःचं नाव.

मग गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली. तपासणीवाले आमच्या चाळीत शिरले आणि एकेकाला दारात उभं करू लागले. त्या दिवशी सर्दीने त्याचं अंग कोमट होतं. डॉक्टरने नाव विचारलं. त्याने डोळे मिटले, थाप मारली.

साथीच्या तापात रोग्याची जीभ जड होते, हे डॉक्टरला ठाऊक होतं. तोतरेपण त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मी पुढे घुसलो. नाव सांगितलं, गाव सांगितलं. "लहानपणापासून असाच बोलतो हो साहेब!"

"तू का सांगतोस? काय लपवतोयस?"

त्याने माझी बाही ओढली. "त-तू…" मी थांबलो नाही, आणखी मोठ्याने बोलत राहिलो. त्याला डोलीत घालून साथीच्या इस्पितळात नेलं.

नवव्या दिवशी सुटून आला. गाठ नव्हतीच. तोवर त्याचं अंथरूण, कपडे जाळून झाले होते आणि साच्यावर दुसरा माणूस उभा होता.

"मी किती सांगितलं रे त्यांना!" मी म्हणालो.

तो बराच वेळ मांडीवर थापा मारत राहिला.

"न-नाव ओठापर्यंत आलं होतं. तूच ब-बोलत राहिलास."

त्याने सांगितलं असतं तरी कदाचित नेलंच असतं. पण हे त्याला म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

दोन दिवसांनी तो गावी निघाला. भाऊच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीशी मी त्याच्या मागे उभा होतो.

"म… म…"

"मुसाकाजी बंदर?" कारकुनाने विचारलं आणि तिकीट फाडलंसुद्धा.

त्याने ते परत सरकवलं. डोळे मिटले. मागची रांग ओरडू लागली, "अरे, बोल की लवकर!" गावाचं नाव माझ्या जिभेवर नाचत होतं. मी दात आवळून उभा राहिलो.

"मालवण," तो म्हणाला.

वेळ किती लागला? पानाला चुना लावायला लागतो तेवढा. तेवढाही मी त्याला सहा वर्षांत कधी दिला नव्हता.

बोट सुटली. तो पुन्हा मुंबईला आला नाही.