पांढऱ्या कागदावरचा गुलाबी ठिपका

मंडळी, आज तयार झालेली ऑर्डर मीच अडवली. अजून डोकं तापलेलं आहे.

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचे पार्ट मी महाडमध्ये बसून डिझाइन करते. आज एका गिऱ्हाइकाची अ‍ॅक्रिलिकची टाकी माझ्या चुलतभावासोबत मुंबईला जाणार होती. देण्याआधी मी टाकीत कोकमाचं आगळ घातलेलं पाणी भरते आणि ती पांढऱ्या कागदावर ठेवते. मग गळती लपत नाही.

रिक्षा दारात उभी. टाकी रिकामी करायला उचलली, तर खाली गुलाबी ठिपका!

"एवढासा तर हाय. दे गो, वीर स्टेशनात गाडी चुकंल माझी," दादा म्हणाला.

"तू जा दादा. टाकी नाही देणार."

उशीर होईल हे सांगायला गिऱ्हाइकाला फोन केला. तो म्हणाला, "गावात बसून ही कामं होत नाहीत हो."

ही टाकी त्याच्या मदरबोर्डच्या बरोबर वर बसणार आहे. पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगची खाच उथळ राहिली होती, चूक माझ्याच ड्रॉइंगची. दुपारभर बसून ती सुधारली, नवा तुकडा कापायला लावलाय.

गावात बसून होतं की नाही, ते कागदच सांगेल.

तुमचं काम हातातून सोडण्याआधी तुम्ही ते कुठल्या कागदावर ठेवता?