दोन वाट्या चुना

मानवतच्या कापूस व्यापाऱ्याची सून राजेश्री हिनं गोदामामागच्या शेडमध्ये बाटिकचं काम सुरू केलं, तेव्हा पहिली आली ती सुकेशनी. परभणीच्या शिबिरात ती हे शिकली होती. गरम मेण नळीच्या लेखणीत घेऊन कापडावर रेघ ओढायची आणि कापड निळीत बुडवायचं. मेणाखाली रंग शिरत नाही. उकळत्या पाण्यात मेण सुटलं की निळ्यात पांढरी नक्षी उरते.

निळीचा हौद मात्र सगळ्यांना सांभाळता येत नाही. तो आंबवून जिवंत ठेवावा लागतो. गूळ कमी पडला तर मंदावतो, चुना जास्त झाला तर मरतो. सुकेशनी रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायची आणि त्याला काय हवंय ते सांगायची. सहा वर्षांत तिनं तो एकदाही मरू दिला नाही. तिचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते.

तिच्याशेजारी कस्तुराबाई बसायच्या. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. शेतात वाकणं होईना म्हणून त्या इथं कापडावरचं मेण सोडवायच्या. दुपारी सुकेशनी आपल्या डब्यातलं कोरड्यास त्यांच्या भाकरीवर वाढायची.

गेल्या हिवाळ्यात संभाजीनगरला प्रदर्शन भरलं. सुकेशनीनं चौदा दिवस खपून एका शालीवर पिंपळाचं मोठं पान काढलं होतं, शीर न् शीर मोकळी. गर्दी तिथंच थांबायची. कुणीतरी विचारलं, हे कुणाचं?

"डिझाईन माझं," राजेश्री म्हणाली. "आमच्या शेतातल्या पिंपळावरून सुचलं." मग तिनं सुकेशनीचं मनगट धरून वर केलं. "ही आमची रंगारीण. हात बघा, जन्माचे निळे. फोटो काढा की!"

पाच-सहा मोबाईल पुढं आले.

"ताई, पान मी काढलंय," सुकेशनी म्हणाली. "आमच्या विहारातल्या झाडाचं हाय ते."

राजेश्री हसली. "बघितलंत? बुडवता बुडवता बाई चित्रकार झाली!"

लोकही हसले. मानवतला उतरल्यावर राजेश्री म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस. बुडवायला कुणीही मिळेल." तांब्याची नळी घासून केलेली आपली लेखणी तरी द्या, असं सुकेशनीनं विनवलं. तीही मिळाली नाही.

बाराव्या दिवशी राजेश्रीचा फोन आला. "हौदावर तवंग येईना. कापड फिकं निघायलंय. पुण्याचा माल अडकलाय. काय टाकायचं?"

हौदाला गूळ हवाय, हे सुकेशनीला ऐकताच कळलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"चुना टाका. दोन वाट्या सकाळी, दोन संध्याकाळी."

"एवढा?"

"माझ्या हातानं कधी मेलाय का हौद?"

तिसऱ्या दिवशी हौद मेला. कापडावर चढलेला रंग धुताच सगळा पाण्यात उतरायला लागला. पुण्याच्या व्यापाऱ्यानं काम काढून घेतलं. राजेश्रीनं हौद गटारीत उपसला, शेडमध्ये कापसाच्या गाठी भरल्या आणि दोन महिन्यांत परभणीला तयार साड्यांचं दुकान थाटलं. तिचं काही बिघडलं नाही. घरी बसल्या त्या शेडमधल्या नऊ बाया.

कस्तुराबाई पेडगावच्या शिवारात कापूस वेचायला जातात, हे कळल्यावर सुकेशनी तिथं गेली. म्हातारी बसल्या बसल्या सरीतून सरकत होती. लुगड्याला गुडघ्याजवळ रक्त लागलं होतं.

"मावशी, हौद मी मारला. चुना मुद्दाम सांगितला."

कस्तुराबाईंनी बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकला. "टाकला कुणी, ठावं हाय का? मी. ताईंनी माझ्याच हातानं टाकायला लावला. लय होतोय, ते मला दिसायलं होतं. पर म्हणलं, सुकेशनीनं सांगितलंय, तिला जास्त कळतंय."

"मग हौद मेल्यावर त्यांनी मलाच धरलं. समद्या बायांम्होरं कानाखाली दिली. म्हातारे, तूच मारलास म्हणाल्या. म्या म्हणलं, आसंल. माझंच माप चुकलं आसंल."

सुकेशनी शेजारच्या सरीत बसून वेचायला लागली. दोन मुठी कापूस तिनं म्हातारीच्या ओटीत टाकायला हात पुढं केला. कस्तुराबाईंनी ओटी दुसरीकडं वळवली.

"जा बाई तू. मुकादम वरडंल."

घरी सुकेशनीनं आता माठात नीळ आंबवली आहे. ती छान धरली, नांदेडहून कामही येतं. मेण सोडवायला या, असा निरोप तिनं कस्तुराबाईंना तीनदा धाडला. त्या आल्या नाहीत. चौथ्यांदा निरोप घेऊन गेलेल्या, शेडमध्ये सोबत असलेल्या रेणुकानं सांगितलं की म्हातारी आता खाटेवरून उठत नाही, आणि तुझं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करते.