डब्यातली अर्धी गोळी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, तीही केमिस्ट्री घेऊन. त्यामुळे दादाच्या आजाराबद्दल डॉक्टरांशी बोलायचं ते मीच.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिन सुरू झाल्यावर त्याच्या कानातले आवाज थांबले, तो अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला. मग हात धुणं सुरू झालं. धुतलेला हात नळाला लागला की परत पहिल्यापासून. चिखलोलीत आमच्याकडे पाणी दिवसाआड. सकाळीच पिंप रिकामं, आणि दादाला रोज उशीर. मालकाने शेवटचं बजावलं होतं.

उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले, हे आजारामुळे असेल, कधी पहिल्या गोळीनेही होतं. त्यांनी फ्लुवोक्सामिन जोडली. तिच्यामुळे पहिलीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून रात्रीची क्लोझापिन अर्धी केली. मला पटलं नाही. औषधाने केलेलं निस्तरायला परत औषधच? केमिस्टकडे मी बॅच नंबर पाहिला, एक्स्पायरी पाहिली, घरी येऊन गुगल केलं.

थोड्याच दिवसांत दादा उभ्याउभ्या पेंगायला लागला. लाळेने उशी भिजायची. मी आईला सांगून टाकलं, ही नवीन गोळी बंद, डॉक्टरही बदलायचा.

दादा ऐकत होता. "संशय घ्यायचं खातं माझं आहे, ग्रॅज्युएट बाई," तो जड जिभेने म्हणाला. "डब्यातल्या अर्ध्या गोळीचं काय?"

मला काहीच माहीत नव्हतं. रात्री मी गोळी मोडून अर्धी त्याला द्यायचे, उरलेली उद्यासाठी वाटीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ती दिसायची नाही. दादाच फेकत असणार, असं धरून मी नवीन मोडायचे. फेकत कोणीच नव्हतं. आमच्याकडे अर्धी भाकरी झाकून ठेवली की ती कोणाच्या तरी पुढच्या जेवणाची असते. आई ती अर्धी कागदात गुंडाळून त्याच्या डब्यात टाकायची.

"अर्धी केली म्हणजे दोनदा विभागून द्यायची ना गं?" आई म्हणाली.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच रक्त तपासायला बोलावलं, डब्यातली गोळी थांबवली. पेंग उतरली. हात धुणं हळूहळू कमी झालं. संध्याकाळी पिंपात पाणी दिसतं, दादा वेळेवर निघतो.

तो निघताना मी मात्र त्याचा डबा उघडून बघते, झाकण लावते, परत उघडून बघते.

"एकदाच बघायचं," दादा म्हणतो.